रापणीचा वाटा

समुद्राने दाजी तांडेलाचा गोठा नेला, चार माड नेले, आणि आता घराची पायरी चाटायला लागला. तेव्हा गावाने तेल-कोळसा विकणाऱ्या एका बड्या कंपनीवर दावा ठोकला. तुमच्या धुराने जग तापलं, समुद्र फुगला, तर दगडी बंधारा तुम्हीच बांधा.

कंपनीचा वकील तेल लावलेल्या नारळासारखा गुळगुळीत. दाजी साक्षीला उभा राहिला, तसा तो गोड हसला.

"आजोबा, घरी चूल पेटवता?"

"पेटवतो की. नायतर सून उपाशी ठेवील."

"म्हणजे धूर तुमचाही. आभाळात सगळा मिसळलाय. त्यातला आमचा कुठला, तेवढा वेगळा काढून दाखवा."

गाववाल्यांची तोंडं उतरली. दाजीने निवांत मान खाजवली.

"वकीलसायेब, आमच्याकडे रापण ओढतात. जो तो आपलं जाळं आणतो, सगळी जोडून एकच लांबलचक जाळं होतं. मासळी आली की कुठला बांगडा कुणाच्या जाळ्यात घावला, हे कोण विचारत नाय. ज्याचं जाळं मोठं, त्याचा वाटा मोठा. धुराचंही तसंच करू."

जज्जसाहेबांनी हसू दाबत विचारलं, "आणि दाजी, तुमचा वाटा?"

दाजीने पिशवीतून मुठीएवढा दगड काढला आणि वकिलाच्या पुढ्यात ठेवला.

"हा माझ्या चुलीचा. बंधाऱ्याचे बाकीचे तुमचे. तेवढे भरतीच्या आधी आणा, पायरी भिजतेय माझी."