सखाहरीचा खडक

आंबेघोळला ओढ्याच्या वळणावर एक काळा, सपाट खडक आहे. गावातले दहाव्याचे पिंड तिथेच ठेवतात आणि गावात येणारी पायवाटही त्याला खेटूनच जाते. या खडकापाशी आल्यावर एक तरी थाप मारल्याशिवाय पुढे जायचे नाही, असा इथला रिवाज. पाहुण्यांना तो काही पटत नाही. मग म्हातारे दादबा घोलप काठी टेकून बसतात आणि ठकूची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, ठकूला सखाहरी नावाचा भाऊ होता. नुकतेच मिसरूड फुटलेले, लग्न व्हायचे आणि कामाच्या नावाने शंख. पण थापा मारण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो 'ऊन पडलंय' म्हणाला, तरी लोक बाहेर डोकावून खात्री करून घेत. एका पावसाळ्यात त्याला ताप भरला आणि बघता बघता पोरगा गेला. 'मला बरं वाटत न्हाई' असे तो म्हणाला, तेव्हाही आधी कोणी खरे मानले नव्हते, असे सांगतात. ठकूनेसुद्धा नाही.

ठकूच्या जिवाला एकच घोर लागला. बायको नाही, लेकरू नाही, याच्या माघारी याचे नाव घेणार कोण? आई तर नाव काढले की ऊर बडवून घेई, म्हणून घरात ते कोणी काढतच नव्हते.

दहाव्याला खडकावर पिंड ठेवला. कावळे झाडावर ओळीने बसलेले, पण एकही खाली येईना. थोरले चुलते बाबाजी हात जोडून पुढे झाले. "सखाहरी, तुझ्या आईला आम्ही सांभाळू." कावळे ढिम्म. "ठकूचं लगीन थाटात करू." एका कावळ्याने पंख साफ करायला घेतले. ऊन डोक्यावर आले. कावळा शिवल्याशिवाय जेवण नाही, त्यामुळे भाऊबंदांचा शोक एव्हाना पोटात उतरला होता. भटजींनी तर दर्भाचा कावळा करायला घेतला, म्हणजे तोच पिंडाला टेकवून मोकळे व्हायचे. तेवढ्यात बाबाजींनी शेवटचा उपाय म्हणून गुणगान सुरू केले. "काय पोरगं हुतं! शांत, देवभोळं. जन्मात कधी तोंडातनं खोटा शबूद न्हाई."

कावळे उडाले आणि ओढ्यापलीकडच्या झाडावर जाऊन बसले.

ठकू बायकांतून उठली. तिला रडू आवरेना आणि रागही. भाऊ गेलाच होता, आता त्याच्या जागी ही माणसे दुसराच कोणी आणून बसवत होती.

"काका, कुणाबद्दल बोलतायसा? असल्या पोराला मी वळखत न्हाई." मग ती पिंडाकडे वळली. "सखाहरी, तू गेल्यापासनं परसातला भोपळा लई वाढला बघ. परवा आपली म्हैस त्यात शिरली. तिला हुडकायला बाबाजीकाका आत गेलं, तर तितं आठवड्याचा बाजार भरलेला! म्हैस आज सकाळी भायेर आली, रेडकू घिऊन."

मग आई फिस्सकन हसली. तोंडात पदर कोंबला तरी हसतच राहिली, रडत रडत. "माझा सखाहरी अस्संच सांगायचा गं," ती म्हणाली. दहा दिवसांत तिच्या तोंडी ते नाव पहिल्यांदाच आले.

आणि कावळा शिवला. भटजींनी दर्भ गुपचूप पिशवीत टाकला.

ठकूने तिथेच गावाला गळ घातली, की इथून जाईल त्याने माझ्या भावाच्या नावाने एक थाप मारून जावे. जेवायला उशीर झालेला, त्यामुळे कोणी वाद घातला नाही.

आजही त्या घराण्यात बाबाजींच्या बापाचे नाव विचारा, लोक डोके खाजवतात. सखाहरी मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मागे एक मास्तर गावात निघाले होते. गोष्ट ऐकूनही ते हाताची घडी घालून उभेच. "क्षमा करा," ते म्हणाले, "पण मी आयुष्यात कधीही खोटं बोललो नाही."

"झाली की!" दादबा काठी उचलून उठले. "सखाहरीला पोचली. चला आता जेवायला."