गलबतभर दगड

फार वर्षांपूर्वी एका खाडीच्या काठी तीन गावं होती. पहिलं नारळी-पोफळीचं, श्रीमंत. मधलं भातशेतीचं, पोटापुरतं पिकवणारं. शेवटचं कोळ्यांचं; तिथल्या घरांवर कौलं नव्हती, झापं होती. खारं पाणी अडवायला तिन्ही गावांचा मिळून एकच मातीचा बांध होता. पण रीत अशी, की ज्यानं त्यानं आपल्या गावापुढचा तुकडा राखायचा आणि दुसऱ्याच्या तुकड्यावर पाय ठेवायचा नाही.

एका उधाणात बांध कोळ्यांच्या गावापुढे फुटला. शेतांत मीठ शिरलं. समुद्रापलीकडच्या एका राणीला हे कळलं, तेव्हा तिनं गलबतभर काळा दगड पाठवला आणि सोबत बांध घालणारी एक म्हातारी.

दगड उतरताच पहिल्या गावचा खोत, मधल्या गावचा गावकर आणि कोळ्यांचा तांडेल असे तिघेही किनाऱ्यावर आले.

"सारखे तीन वाटे करा, म्हणजे भांडण नको," खोत म्हणाला.

"सारखे कसे? तुमच्या अंगणालासुद्धा चिरेबंदी गडगा आहे," गावकर म्हणाला.

तांडेल खोताच्या बांधाकडे बघत होता.

म्हातारी म्हणाली, "आधी मला तिन्ही गावांचं पाणी पाजा."

तिन्ही विहिरींचं पाणी ती प्यायली. मग खोताला म्हणाली, "बाबा, तुझा बांध तर पुरुषभर उंच. तरी तुझं पाणी खारट कसं?"

"कोळ्यांकडून शिरलं. मागच्या अंगानं आलं."

"मग दगड कुठे लागायला हवा?"

"म्हणजे माझा वाटा मी सोडू? लोक हसतील मला!"

"ते तू ठरव. दगड तिघांना दिलाय. पौर्णिमेला पुन्हा उधाण आहे. माझंही घर अशाच बांधामागं होतं. आमचा तुकडा सगळ्यांत उंच होता."

"मग?"

म्हातारीनं हातातलं भांडं पालथं घातलं. "पाणी शेजारच्या तुकड्यातून आलं," ती म्हणाली.

खोतानं त्या पालथ्या भांड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाड्या जुंपा रे! सगळा दगड तांडेलाच्या तुकड्यावर न्या. हसतील त्यांना हसू दे. खारट पेज जेवण्यापेक्षा बरं."

गावकर ओशाळला. "मग माती धरायला पेंढा आमचा," तो म्हणाला.

तेव्हा तांडेलानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "खोतानू, तुमच्या उंच बांधाच्या पोटात खेकड्यांची बिळं आहेत. होडीतून दिसतात. ती बुजवली नाहीत, तर या उधाणात तो जाईल."

"अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तुमच्या तुकड्यावर पाय ठेवायची आम्हांला मनाई होती. आणि विचारलंत कधी?"

"आजपासून ती मनाई उठली," खोत म्हणाला. दुसऱ्याच दिवशी कोळणी चिखलाच्या पाट्या घेऊन त्याच्या बांधावर उतरल्या आणि त्यांनी एकेक बीळ बुजवलं.

पौर्णिमेला पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं आणि मागं फिरलं.

गलबतात चढण्याआधी म्हातारीनं त्या बांधावर हात ठेवला. तो तिनं बराच वेळ उचलला नाही.

विहिरी गोड व्हायला दोन पावसाळे गेले. गोड पाण्याची पहिली घागर तिन्ही गावांनी मिळून समुद्रापलीकडे पाठवली, त्या म्हातारीसाठी.

तात्पर्य: संकट सर्वांचं असेल तर आपला वाटा किती हे पाहू नये, पाणी कुठून शिरतं ते पाहावं. आणि ज्याला द्यायचं, त्याला काय ठाऊक आहे हेही विचारावं.