पोकळ खोडातली शाळा

झाडं बोलायची आणि पाखरं शाळा चालवायची, तेव्हाची ही गोष्ट.

आंब्याच्या एका पोकळ खोडात सुतारपक्षी गुरुजींची शाळा भरायची. तास बदलला की गुरुजी बाहेरून चोचीनं खोडावर टोले हाणायचे. टोले पडले की खवल्या मांजराची लेक गोदी अंगाचं वेटोळं करायची, ती तास संपेपर्यंत उघडायचीच नाही.

"माजोरी आहे. उद्या नाव कमी करतो," गुरुजी म्हणाले. गोदीची आई रडवेली झाली.

वरच्या फांदीवरच्या साळुंकीला राहवेना. दुसऱ्याच्या घरात डोकावायची तिला सवयच होती. ती खाली उतरली.

"गुरुजी, मी महिनाभर बघतेय. ही वारुळापाशी कधी वेटोळं करत नाही. मग इथंच का?"

"मला काय ठाऊक!"

"टोले पडताना तुम्ही कधी आत बसलात का हो?"

गुरुजी आजवर बाहेरच असायचे. आज ते आत जाऊन बसले. साळुंकीनं खोडावर दगड आपटला, दोनदाच. गुरुजींनी डोकं पंखांत खुपसलं.

"पुरे, बाई, पुरे!"

"अगंबाई, तुम्हीही वेटोळं केलंत की!"

दुसऱ्या दिवसापासून तास बदलला की गुरुजी दारावरची वेल हलवू लागले. तिसऱ्या तासाला वेटोळ्यातून आधी नाक बाहेर आलं, मग डोळे.

"गुरुजी, परवा टोले पडले आणि सातचा पाढा बेचाळीसवरच राहिला," गोदी म्हणाली, आणि तिथून पुढचा तिनं म्हणून दाखवला.