बिनमालकाची साखळी

“आणि हे सगळं बंद पाडायचं झालं, तर कोण पाडू शकतं?” अक्कांनी विचारलं.

इंद्रनील गरुड गोंधळला. तासभर खपून त्यानं सगळं समजावून सांगितलं होतं, आणि आता तो कौतुकाची वाट पाहत होता.

“कुणीच नाही,” तो म्हणाला.

मठाच्या ओट्यावर बसून अक्का शेंगा सोलत राहिल्या.

एके काळी त्या विद्यापीठात गणित शिकवायच्या. संन्यास घेतल्यावर पांझरा नदीच्या काठी या लहानशा मठात येऊन राहिल्या. इंद्रनील त्यांच्या अगदी शेवटच्या वर्गातला विद्यार्थी. बुद्धीनं तल्लख, आणि आपण तल्लख आहोत हे पुरतं ठाऊक असलेला.

त्यानं केलेलं काम खरोखरच मोठं होतं. नदीकाठच्या गावांत पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत आलेली. वरची गावं पाणी अडवायची आणि शेवटच्या गावाला ओला चिखल तेवढा पोचायचा. इंद्रनीलनं प्रत्येक गावाला एकेक एआय एजंट दिला. लोक त्याला दूत म्हणू लागले. दूत आपल्या गावच्या जमिनीची ओल बघायचा, पिकाची तहान ओळखायचा, बाकीच्या दूतांशी बोलून पाळी ठरवायचा आणि पाटाचं दार स्वतःच उघडायचा.

ठरलेली प्रत्येक गोष्ट ब्लॉकचेनवर चढायची. म्हणजे तिची नक्कल गावोगावच्या यंत्रांत राहायची. एकानं आपल्याकडची नोंद खोडली, तरी बाकीच्यांकडची शाबूत. निम्म्याहून जास्त दूतांचं जुळल्याशिवाय एकही दार हलत नसे. मधे कुठलं मुख्य कार्यालय नाही, कुणी साहेब नाही.

“कुणीच नाही?” अक्कांनी मान वर केली.

“म्हणजे... एक किल्ली आहे. माझ्याकडे.”

ती अडीनडीसाठी ठेवलीय, असं त्यानं सांगितलं. तिच्या जोरावर कुठलाही निर्णय फिरवता येतो, सगळे दूत एका दमात थांबवता येतात. नवीन व्यवस्था आहे, कुणाचा तरी हात वर असायला हवा. आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास होता.

“तुला कुणी भीती घातली तर?”

“मी घाबरणाऱ्यातला नाही, अक्का.”

“मोह पडला तर?”

हे त्याला लागलं. मग त्यानं खिशातून अंगठ्याएवढं एक यंत्र काढलं आणि अक्कांच्या पुढ्यात ठेवलं. ती किल्ली त्यातच होती.

“मग ही तुम्ही ठेवा,” तो म्हणाला. आपण फार मोठा त्याग करतोय असं त्याला मनापासून वाटत होतं. “तुमच्याइतकं निर्मोही दुसरं कोण आहे?”

अक्कांनी ते उचललं. तळहातावर घेऊन जरा वेळ पाहिलं. मग त्याचा हात ओढून त्यावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

“मालक बदलेल,” त्या म्हणाल्या. “मालकी राहीलच.”

...

इंद्रनील धुळ्याला परतला तो धुमसतच. अक्कांना यातलं काय कळतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण ते वाक्य काही केल्या पाठ सोडेना. कामात असताना, जेवताना, कुणी स्तुती करत असताना त्याचा हात आपोआप खिशाकडे जायचा. किल्ली जागेवर आहे ना, हे चाचपायचा. एकदा हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

किल्लीचे अधिकार कायमचे संपवायची सोय त्यानं पहिल्यापासूनच करून ठेवली होती. एकदा संपवले की पुन्हा मिळवता येणार नव्हते. त्यालाही नाही. म्हणून तर ती सोय आजवर कागदावरच राहिली होती.

शेवटी त्यानं सगळ्या गावांच्या लोकांना बोलावून घेतलं. यापुढे काही बदलायचं तर निम्म्याहून जास्त गावांची संमती लागेल, माझं एकट्याचं काही चालणार नाही, असं त्यानं सांगितलं. लोकांना ते रुचलं नाही. शेवटच्या गावचे म्हातारे हिलाल पाटील तर उठून उभेच राहिले.

“भाऊ, तू वर बसलाय म्हणून आम्हाला घोर नाही,” ते म्हणाले. “तूच उठून चाललास?”

इंद्रनीलनं सर्वांसमक्ष आज्ञा दिली. गावोगावच्या यंत्रांवर एकच ओळ उमटली : किल्लीचे अधिकार संपले.

पुढे बरेच दिवस त्याला झोप नीट लागली नाही. एखादा दूत चुकला, एखाद्या गावाचं पीक जळालं, तर आता आपण नुसतं बघत राहणार...

उन्हाळा चढला. नदी आटत गेली.

वरच्या अंगाला धनराज जगदाळे नावाचा ठेकेदार होता. त्यानं पाण्याच्या बाटल्यांचा कारखाना काढला होता आणि त्याला पाटाचं पाणी हवं होतं. कुणाला गोड बोलून, कुणाला दम देऊन त्यानं वरच्या चार-दोन गावांतली यंत्रं आपल्या ताब्यात घेतली. शेवटच्या गावाची पाळी होऊन गेली, अशी खोटी नोंद तिथल्या यंत्रांत घातली. आणि कारखान्याकडचं दार उघडायची वाट पाहत बसला.

दार उघडलं नाही.

मग तो दोन माणसं घेऊन इंद्रनीलच्या कचेरीत आला. माणसांनी आतून कडी लावली. जगदाळे खुर्ची ओढून बसला आणि अगदी गोडीनं म्हणाला, की यंत्रं अडून बसली आहेत आणि आपल्याला वेळ नाही.

“ती संपवल्याच्या गप्पा मला सांगू नकोस. किल्ली काढ.”

इंद्रनीलच्या तोंडाला कोरड पडली. आपण घाबरणाऱ्यातलेच आहोत, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आज किल्ली खिशात असती, तर आपण ती दिली असती, हेही कळलं.

“नाही,” तो म्हणाला.

“देत नाहीस?”

“नाहीच आहे.”

त्यानं संगणकाचा पडदा जगदाळेकडे वळवला. ती ओळ तिथं होती. कुठल्याही गावात कुणालाही वाचता येईल अशी. जगदाळेनं ती वाचली. पुन्हा वाचली. बरोबरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. आता धमकी द्यायची तरी कशासाठी, हे त्यांनाही समजेना.

“मग मी भेटायचं कुणाला?” जगदाळेनं विचारलं. आता त्याच्या आवाजात जोर नव्हता.

“सगळ्यांना,” इंद्रनील म्हणाला. आणि त्याला एकदम हसू फुटलं. भीती तशीच होती, पण हसू थांबेना.

जगदाळे उठला. कडी उघडली गेली. जिन्यावरून पावलं खाली उतरली.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे हिलाल पाटील होते आणि त्यांच्यामागे ढोल वाजत होता. पाणी आलं, एवढंच ते सांगू शकले.

वरच्या गावांची नोंद बाकीच्या गावांकडच्या नोंदीशी जुळत नाही, हे दूतांनी केव्हाच ताडलं होतं. त्यांनी ती बाजूला सारली, आपसात बोलणं केलं आणि शेवटच्या गावाची पाळी लावून दिली. हे करा म्हणून त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

इंद्रनील गाडी काढून थेट तिकडे गेला. पाट काठोकाठ भरून वाहत होता. बायका ओंजळीनं एकमेकींवर पाणी उडवत होत्या, म्हातारे फेटे सोडून नाचत होते. तो चपला काढून पाण्यात उतरला आणि उभा राहिला. त्याच्याकडे कुणाचं काही काम नव्हतं. हिलाल पाटलांनी येऊन त्याला मिठी मारली आणि ते परत नाचायला गेले.

तिथून तो मठात आला. कपडे अजून ओलेच होते. सगळी हकीकत सांगून झाल्यावर तो म्हणाला, “अक्का, मी काहीसुद्धा केलं नाही.”

हे सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता, की अक्का खळखळून हसल्या. कितीतरी वेळ दोघंही हसत राहिले.

मग डोळे पुसून इंद्रनील नेहमीसारखा त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. आता पुढे कुठलं काम हाती घेऊ, असं त्यानं विचारलं. तुम्ही म्हणाल ते करतो, म्हणाला.

अक्का उठल्या. त्याला हाताला धरून उठवलं आणि फाटकापर्यंत त्याच्याबरोबर चालत आल्या.

“पुढच्या वेळी,” त्या म्हणाल्या, “विचारायला नको, पाहुणा म्हणून ये.”