कौतिकाबाई आणि म्हातारी वाघीण

एका डोंगराच्या पायथ्याशी एक छोटंसं प्राणिसंग्रहालय होतं. फासात सापडलेले बिबटे, सर्कशीतून सोडवलेले वाघ, अशी जंगलात परत न जाऊ शकणारी जनावरं तिथे उरलेलं आयुष्य काढत. त्यांचं सगळं कौतिकाबाई बघायची. मांस तोडायचं, पाणी भरायचं, पिंजरे धुवायचे. दिवस कलला की तिचे गुडघे बोलू लागत.

तिथे शेवंती नावाची एक म्हातारी वाघीण होती, सर्कशीतली. दिवसभर ती मोकळ्या आवारात पडून असे. सांजेला कौतिकाबाई हाक मारी, "शेवंते, चल गं बाई आत." मग ती सावकाश उठे, आधी जाळीपाशी येऊन अंग घाशी, आणि मनाला येईल तेव्हा आतल्या खोलीत जाई. तोवर कौतिकाबाई ताटकळत उभी.

एका संध्याकाळी बाईची पाठ फार भरून आली होती. तिने हाक मारली नाही. वेताची एक काठी उचलली आणि आवाराच्या दाराच्या पत्र्यावर आपटली. शेवंती दचकली, पोट जमिनीला टेकवून सरपटत आत गेली. काम चुटकीसरशी झालं.

दुसऱ्या दिवशीही काठी वाजली. मग रोजच.

तिच्यासोबत काम करणारे मारोतराव म्हणाले, "बाई, हिने सर्कशीत काठ्या फार खाल्ल्यात हो."

"मी कुठं मारते? नुसती वाजवते. माझ्यात त्राण नाही राहिलं, मारोतराव."

मारोतराव पुढच्या पिंजऱ्याकडे वळले. थकले तर तेही होते.

पावसाळ्यात शेवंतीच्या पंजाला जखम होऊन ती चिघळली. डॉक्टर म्हणाले, "जाळीला टेकून बसली तर बाहेरून सुई टोचता येईल. बेशुद्ध केली, तर या वयात ती उठेलच असं नाही."

कौतिकाबाईने हाक मारली. तो आवाज ऐकताच वाघीण लंगडत सर्वांत लांबच्या कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"काठी देऊ?" मारोतरावांनी हळूच विचारलं.

"काठीनं ती लांब जाते," कौतिकाबाई म्हणाली. "मला ती जवळ हवी आहे."

तिने काठी मोडून चुलीत घातली. मग रोज कामं उरकली, की जाळीबाहेर पालथ्या बादलीवर, जाळीला पाठ लावून बसून राही. हाक मारी, थांबे. कधी बसल्याबसल्या डुलकी लागे. शेवंती कान हलवी, पण उठत नसे. पंजा सुजत चालला होता.

अखेर एका दुपारी, बाईची मान छातीवर कलली असताना, पाठीला जाळीतून ऊब लागली. शेवंती येऊन टेकली होती. कौतिकाबाई हलली नाही. मारोतराव डॉक्टरांना घेऊन आले आणि त्यांनी बाहेरून हलकेच सुई टोचली.

वाघीण वाचली, पण पाय कायमचा अधू राहिला. आता तिला आत जायला पूर्वीपेक्षाही जास्त वेळ लागे. कौतिकाबाई जाळीला धरून उभी राही आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वाट पाही.

तात्पर्य एवढंच: धाकाने कुणालाही हाकलता येतं, जवळ मात्र बोलावता येत नाही.