शेजारमायेच्या विरजणाची कहाणी

ऐका शेजारमाये, तुझी कहाणी. एक होतं आटपाट नगर, त्यात होती साळ्यांची आळी. तिथं येसू नावाची साळीण राहत होती. घरी हातमाग, नवरा कोंडाजी आणि एकुलती लेक गोदू. गोदू सात वर्षांची झाली, तापानं फणफणली, तिसऱ्या दिवशी गेली.

मग येसूनं अंथरूण धरलं. चूल कोंडाजी पेटवी, पाणी कोंडाजी भरी. तो म्हणे, "अगं, दोन घास खा." ती म्हणे, "चव नाही." वैद्यबुवांचा काढा घोटभर घेई, की पुन्हा भिंतीकडे तोंड करी. मनात म्हणे, आता आपलाही दिवस यावा.

एके दिवशी दारी म्हातारी आली. "माये, घोटभर ताक देतेस?"

"ताक कुठलं, आजी? या घरात दही लागून तीन महिने झाले."

म्हातारी ओसरीवर टेकली. "तुला शेजारमायेचा एक वसा सांगते."

"मला उठवत नाही. वसा कुठला करू?"

"उठवत नाही, त्याचाच वसा आहे. काढा सोडू नको. रोज वाटी घेऊन एका घरी जायचं, चमचाभर विरजण मागायचं. दिवेलागणीच्या आत जा, मग दही कुणी देत नाही. घरची बाई विरजण आणून देईपर्यंत तिथं बस. घरी येऊन दूध विरज. कुणी मागायला आलं, तर त्यालाही दे."

"आणि उतले, मातले तर?"

"उतायला तुझ्यात जीव कुठंय? थकलीस तर थक. वसा टाकू नको."

मग येसू उठली, शेजारी भागूकडे गेली. पहिल्या दिवशी गप्प बसली. दुसऱ्या दिवशी रडली. तिसऱ्या दिवशी भागूनं दिलेली अर्धी भाकरी खाल्ली. घरी दही कवडीसारखं लागलं.

मग तिला वाटलं, घरात दही आहे, त्यातलंच चमचाभर राखावं, रोज कुणाच्या दारी कशाला जा? तिनं विरजण राखलं. एक दिवस झाला, दोन झाले, तीन झाले. दही आंबलं, येसू पुन्हा भिंतीकडे वळली.

चौथ्या दिवशी भागू आली. "का गं, आमचं दही गोड लागेना? माझी सासू रोज विचारते, ती गप्प बसणारी कुठं गेली? तिचं सगळं ऐकून घेणारी तू एकटीच!"

येसू हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग म्हणाली, "शेजारमाये, चुकले." आंबट दह्याची कढी केली, वाटी रिकामी केली, भागूबरोबर निघाली.

गोदू काही परत आली नाही. आठवली की येसू रडे, रडून झालं की मागाच्या कांड्यांवर सूत भरी. आळीतल्या बाया तिच्याकडेही विरजण मागायला येत. ती म्हणे, "आधी बस."

पुढं दोन वर्षांनी कोंडाजी गेला. तेरावं झालं, पाहुणे गेले, येसूनं भिंतीकडे तोंड केलं. दिवेलागणीच्या आत दारात कुणा शेजारणीची विरजणाची वाटी आली. दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी तिसरी. चौथ्या दिवशी येसू उठली. तिन्ही वाट्या विसळल्या, एकात एक घातल्या आणि भागूच्या घरी निघाली.

जशी शेजारमाय येसूला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. ज्या घरी आज कुणी भिंतीकडे तोंड करून निजलं असेल, त्या घरी आधी पावो. ही वाटीभराची कहाणी, दारोदारी विरजली, सुफळ संपूर्ण.