सेनापतीचं कोरडं धोतर

डोंगरांच्या पलीकडे सात नद्यांचं एक राज्य होतं. लढाईला निघायचं तर आधी नदी ओलांडावी लागे, आणि पूल एकाही नदीवर नव्हता. म्हणून तिथल्या सैन्यात एक रीत होती. सैन्य पाण्यात उतरण्याआधी सेनापतीने स्वतः उतरायचं. मधल्या धारेपर्यंत जायचं, तिथलं ओंजळभर पाणी प्यायचं आणि परत येऊन ओल्या कपड्यांनी सैन्यासमोर उभं राहायचं. कपडे कुठवर भिजलेत हे पाहून शिपायांना पाण्याचा अंदाज येई. मग नगारा वाजे. सेनापतीचे कपडे वाळायच्या आत शेवटचा शिपाई पलीकडे पोचलाच पाहिजे, असा नियम होता. नदीचा भरवसा तेवढाच धरायचा.

त्या सैन्यात निंबाजी नावाचा एक तरुण शिपाई होता. एकदा ऐन मोहिमेत सेनापती तापाने फणफणले. नदी समोर, शत्रू पलीकडे, आणि पाण्यात उतरायला कोणी पुढे होईना. निंबाजी पुढे झाला. मधल्या धारेत पाणी त्याच्या हनुवटीला लागलं. तो परत आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. तो म्हणाला, "उंचांनी बुटक्यांचा हात धरा. बाकी भिण्यासारखं काही नाही." सगळं सैन्य सुखरूप पार झालं. राजाने त्याला हवालदार केलं.

तिथून निंबाजी चढतच गेला. हवालदाराचा सरदार झाला, सरदाराचा सेनापती झाला. त्याने किल्ले घेतले, सरहद्द राखली. लोक आपल्या मुलांची नावं निंबाजी ठेवू लागले.

पण सेनापती जसा वर चढला, तसं पाणी खाली उतरलं. आधी तो घोड्यावर बसून मध्यापर्यंत जाई, तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत भिजे. मग सांधे दुखू लागले. तो काठावरच घोटाभर पाण्यात उभा राहून ओंजळ भरू लागला. शेवटी तेही राहिलं. सेनापती पालखीत बसत. हुजऱ्या काठावरून चांदीच्या तांब्यात पाणी भरून आणी. सेनापती एक घोट घेत. रीत मोडू नये म्हणून हुजऱ्या त्यांच्या धोतराच्या काठावर चार थेंब शिंपडी. लगेच नगारा वाजे, आरोळी उठे, "सेनापतींनी पाणी चाखलं!"

कोणाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. पण वीस वेळा असंच झालं आणि वीसही वेळा सैन्य पार झालं. मग कोण कशाला बोलेल?

एकविसाव्या वेळी सैन्य तांबडी नदीच्या काठी आलं. पौषाचा महिना होता. सगळ्यांत पुढच्या रांगेत सटवा नावाचा एक धनगर शिपाई होता. नदीपलीकडचं वाकेगाव हे त्याचं गाव. लहानपणापासून तो त्याच नदीत मेंढ्या धूत आला होता. त्याने पाण्याकडे पाहिलं आणि पालखीपाशी येऊन हात जोडले.

"सरकार, पाणी गढूळलंय. वर कुठेतरी अवेळी पाऊस झालाय. मधली वाळू सरकली असणार. मला एकदा आत जाऊन येऊ द्या."

शेजारचा एक सरदार हसला. "का रे, मेंढरं धुवायला आणलीस काय सोबत?"

सगळे हसले. निंबाजीही हसला. तो म्हणाला, "अरे, ही नदी मी पहिल्यांदा ओलांडली तेव्हा तू पाळण्यातही नव्हतास. जा रांगेत."

"जातो, सरकार," सटवा म्हणाला. "तुम्ही पाणी चाखलंत की निघतोच."

निंबाजीने तांब्यातला घोट घेतला. नगारा वाजला. सटवा पहिला उतरला.

मधल्या धारेत वाळू नव्हतीच. तिथे डोह झाला होता. चाळीस माणसं बुडाली. सटवाला पोहता येत होतं. त्याने दोघांना शेंडी धरून काठाकडे लोटलं. तिसऱ्याला आणायला गेला तो परत आला नाही.

उरलेलं सैन्य खालच्या अंगाने पार झालं आणि लढाई जिंकली. राजाने विचारलं, "निंबाजी, माणसं बुडाली कशी?"

निंबाजीने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी तोच सरदार म्हणाला, "महाराज, पुढे एक धनगर होता. त्याने वाट सोडली. मागचे त्याच्यामागे गेले."

राजाने निंबाजीकडे पाहिलं. निंबाजीने मान खाली घातली. तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. राजाने ते होच धरलं.

त्या राज्यात लढाईत पडलेल्या प्रत्येकाचा दगड त्याच्या गावाच्या वेशीवर उभा राही. त्याला वीरगळ म्हणत. एकोणचाळीस वीरगळ उभे राहिले. सटवाचा राहिला नाही. सैन्याची वाट चुकवणाऱ्याला वीरगळ कसला? वाकेगावात सटवाची बायको पाणवठ्यावर गेली की बाकीच्या बायका आपले हंडे उचलून बाजूला होत. गावातलेच तिघे सटवासोबत बुडाले होते.

पाडव्याला दरबार भरला. निंबाजीच्या चाळीस वर्षांच्या चाकरीचा मान म्हणून राजा त्याला सोन्याचं कडं घालणार होता. निंबाजी पांढरंशुभ्र, कडक इस्तरीचं धोतर नेसून आला होता. भाट त्याच्या एकेका लढाईचं वर्णन करत होते. तांबडीचं नाव आलं तेव्हा त्याने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. अलीकडे त्याला ती सवयच लागली होती.

राजाने कडं घातलं, तेवढ्यात दारापाशी गलका झाला. खांद्यावर घोंगडी टाकलेला एक पोरगेला धनगर पहारेकऱ्यांना ढकलून आत घुसला. तो सटवाचा धाकटा भाऊ गोंदा होता.

"सोडा मला! एकच विचारायचंय. मग मारा हवं तर."

"बोलू द्या त्याला," राजा म्हणाला.

गोंदाने दरबारात कसं बोलतात ते कधी पाहिलं नव्हतं. त्याने मुजराही केला नाही. तो सरळ निंबाजीसमोर जाऊन उभा राहिला.

"सेनापती, त्या दिवशी तुमचं धोतर कुठवर ओलं होतं?"



"छातीपर्यंत!" तो सरदार ओरडला. "मी स्वतः पाहिलं."

"तुला नाही विचारलं," गोंदा म्हणाला. "माझा दादा तुमच्या धोतराकडे बघून उतरला. ते कुठवर भिजलं होतं तेवढं सांगा. मी जातो."

निंबाजीने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. पहारेकऱ्यांनी पोराला बाहेर नेलं असतं. निंबाजीने आपल्या धोतराकडे पाहिलं. ते पांढरं होतं आणि कडक होतं. त्याला तो हनुवटीपर्यंतचा गारठा आठवला. आपले वाजणारे दात आठवले. मग त्याला सटवाचे शब्द आठवले, "तुम्ही पाणी चाखलंत की निघतोच." त्याच्या कानशिलांतून आग निघाली.

"ओलं नव्हतं," तो म्हणाला. "माझा अंगठासुद्धा भिजला नव्हता."

"आणि जे पाणी चाखलंत ते?" राजाने विचारलं.

"तांब्यातलं होतं, महाराज. काठावरचं. सटवाने मला आधी सांगितलं होतं. तो वाट चुकला नाही. वाट मी दाखवलीच नव्हती. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसलो."

 राजा हलक्या आवाजात म्हणाला, "तांब्याचं मलाही ठाऊक होतं, निंबाजी." त्यानेही मान खाली घातली.

निंबाजीने हातातलं कडं काढून राजाच्या पायाशी ठेवलं. तो गोंदाकडे वळला आणि त्याने हात जोडले. गोंदाने त्या हातांकडे पाहिलंही नाही.

"मला काय जोडता? मला ठाऊकच होतं," तो म्हणाला. "माझ्या वहिनीला पाणी भरू न देणाऱ्यांना ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी निंबाजी एकटाच तांबडीवर गेला. बरोबर पालखी नव्हती, हुजऱ्या नव्हता. एका हातात काठी होती, तिने तो पुढचा तळ चाचपत होता. सांधे ठणकत होते. जिथे ती माणसं गेली होती तो डोह त्याने चाचपून पाहिला, त्याला वळसा घातला आणि छातीभर पाण्यातून तो वाकेगावच्या काठाला लागला. वेशीपाशी गोंदा उभा होता. चैत्राचं ऊन तापलं होतं.

निंबाजी म्हणाला, "गावाला इथे गोळा कर, पोरा. मी सगळ्यांसमोर सांगतो."

"दादाची बदनामी घरोघर झाली, चावडीवर नाही," गोंदा म्हणाला. "तुम्हीही घरोघर जा. आणि तुमचीच रीत आहे ना? कपडे वाळायच्या आत शेवटचं घर झालं पाहिजे."

सत्तर वर्षांचा सेनापती निथळत्या धोतराने धावत सुटला. प्रत्येक दारात उभा राहून तो एकच सांगे, "सटवा वाट चुकला नाही. मी पाण्यात उतरलो नव्हतो." कुणी दार लावून घेतलं. ज्याचा मुलगा त्या दिवशी बुडाला होता, असा एक म्हातारा निंबाजीच्या तोंडावर थुंकला. निंबाजीने तोंड पुसलं नाही. पुसायला वेळ नव्हता.

शेवटचं घर सटवाचं होतं. त्याची बायको उंबऱ्यात आली. तिने खाली वाकून निंबाजीच्या धोतराचा सोगा चिमटीत धरून पाहिला. तो अजून ओला होता.

"माझ्या घरी वेळेत आलात," ती म्हणाली. "बाकी छत्तीस घरं इतर गावांत आहेत. तिथेही असेच जा."

क्षमा केली असं ती म्हणाली नाही. निंबाजीनेही मागितली नाही. तो वळला आणि पुन्हा नदीकडे चालू लागला. त्या उन्हाळ्यात त्याने छत्तीस दारं गाठली, आणि प्रत्येक दारी तो नदीतून भिजूनच गेला. वाकेगावच्या वेशीवर सटवाचा वीरगळ उभा राहिला. राजाने तो चांदीचा तांब्या वितळवून टाकला.

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर माणसं पाण्यात उतरतात, त्याने आधी स्वतः उतरावं, आणि आपली चूक मेलेल्या माणसावर ढकलू नये, कारण त्याला उत्तर द्यायला परत येता येत नाही.